डाळिंबाला साडी, दिपूला सनकोट

घरातली मुलगी भर उन्हातून दारात येते तेव्हा तुम्ही आधी तिच्या हातात पाणी देता, की आधी तिच्या तोंडाकडे बघता?

खरं सांगा. इथे तुमच्याशिवाय कुणी ऐकणारं नाही. तोंडाकडेच बघता ना? आणि मग म्हणता, "किती काळवंडलीस गं!" पाणी त्यानंतर येतं. पुष्कळदा येतच नाही. तीच चपला काढून आत जाते आणि माठातलं घेते.

एप्रिल पुन्हा आला आहे. नाशिकमध्ये तो वाजतगाजत येत नाही. पहाटे गोदाघाटावर अजून अंगावर काटा येईल असं वारं असतं, संध्याकाळी गंगापूर रोडला लोक गार हवा खायला बाहेर पडतात, आणि या दोन गारव्यांच्या मधे दुपार गुपचूप आपलं काम करत असते. आम्हा नाशिककरांना आमच्या हवेचा केवढा गर्व! कुणी टोपी घातली, छत्री उघडली की लगेच विचारतात, "का रे, जळगावला राहतोस का?" रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या जुन्या हौदात, उडी मारलेल्या पोरांच्या कानामागचा रंग जायच्या आत ऊन चढलेलं असतं, डांबराला चपला चिकटत असतात, तरी आम्ही म्हणतो, आपल्याकडे कसलं ऊन! उन्हाला मान देणं म्हणजे गावाचा अपमान करणं, असं आमच्याकडच्या तरुणांना खरोखर वाटतं.

परवा द्वारका चौकातल्या सिग्नलला उभी होते. पुढे स्कूटींची रांग आणि प्रत्येक स्कूटीवर फक्त डोळे. स्कार्फ कपाळावरून घट्ट, हनुवटीखालून एक फेरा, नाकावरून दुसरा, टोकं मानेमागे खोचलेली. त्याखाली मनगटापर्यंत सनकोट, त्याखाली हातमोजे. लाल दिवा हिरवा व्हायच्या आत आरशात बघून सुटलेला स्कार्फ पुन्हा बांधायची कला आमच्या मुलींना आईच्या पोटातून येते. त्यांच्या शेजारी बाईकवर मुलं. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, कारण डोक्यावर जेल लावलेले केस आहेत. बाह्या वर दुमडलेल्या, कारण दंड दाखवायचा आहे. तेच ऊन, तोच सिग्नल. अर्धी तरुणाई डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली, अर्धी उघडी. आणि गंमत बघा, या दोघांतल्या एकालाही उन्हाची भीती नाही. मुलींना भीती आहे रंगाची. मुलांना भीती आहे कुणी हसेल याची.

शेजारच्या स्कूटीवरची मुलगी मागे बसलेल्या मैत्रिणीला सांगत होती, "अगं, ताईचा साखरपुडा आहे. मी टॅन झाले ना, तर मम्मी मला फोटोतच उभी करणार नाही."

"मग मागे उभी राहा, फुलांच्या मागे."

दोघी हसल्या. स्कार्फमागचं हसणं डोळ्यांत दिसतं. मला हसू आलं नाही. माझ्या नाकात त्या कोटाच्या कापडाचा वास शिरला होता. घामाने भिजून वाळलेलं आणि पुन्हा भिजलेलं जाड सुती कापड, त्यात टाल्कम पावडर मिसळली की येतो तो आंबूस वास. असाच एक कोट मी माझ्या हातांनी फाडला आहे. आत माझी मामेबहीण होती.

दीपाली तिचं नाव. आम्ही तिला दिपू म्हणतो. सटाण्याच्या बाजूला मामाची डाळिंबाची बाग आहे. त्या वर्षी दिपू पोलीस भरतीच्या तयारीसाठी नाशिकला आमच्याकडे राहायला आली. पंचवटीतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि उरलेली पत्रकं. आई आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या मोर्चाची, आंदोलनाची पत्रकं वाटत आली. आमच्या माठाखाली पत्रक, डब्यांखाली पत्रक, कपाटाच्या फळीवर पत्रक. मी वाचायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांपासून. दिपू आल्या आल्या आईला म्हणाली, "आत्या, तुमच्या घरात चहाचा कप उचलला तरी खाली क्रांती निघते." आई त्या दिवसापासून तिच्यावर खूश होती.

मामाने तिला पाठवताना अट घातली होती. एकच भरती. झाली तर झाली, नाहीतर तो स्थळं बघायला मोकळा. मामीची अट वेगळी होती आणि ती आमच्या उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांच्या देखत बोलली. "काळी पडून आलीस तर त्याच दिशी ग्राउंड बंद. वर्दी बी नाय आन् रंग बी नाय, मग तुला करणार कोण?"

"आई, मी पोलीस झाले की चौकात उन्हातच उभी राहणार ना? तेव्हा गं?"

"तव्हा तुझा नवरा बघंल."

दिपू हसत सुटली. मीही हसले. त्या वेळी हे हसण्यासारखं वाटत होतं.

भरतीची तयारी करणारी पोरं ज्याला ग्राउंड म्हणतात ते आमच्या घरापासून जवळच होतं. एका बाजूला कडुलिंबाचं एकच झाड, बाकी माती. पहाटे पळणं व्हायचं, ते ठीकच होतं. पण उन्हाळा तापला तसा तिथल्या शिकवणाऱ्या सरांनी दुपारचा राउंड सुरू केला. ते कायम एकच वाक्य फेकायचे, "ऐन भरतीत तुमचं ग्राउंड दुपारी लागलं तर? ऊन बघून पळणार का? पोलिसाला सावली नसते!" पोरं शिट्ट्या मारायची. सर स्वतः झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे, हे कुणाला दिसत नव्हतं.

पाणी पिऊन पळायचं नाही, असाही तिथला रिवाज. पोटात कळ येते म्हणे. मुलांनी हा रिवाज सरांच्या धाकाने पाळला, मुलींनी दुसऱ्या कारणाने. त्या ग्राउंडवर मुलींसाठी संडास नव्हता. मुलं भिंतीमागे जायची. मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. आमच्या राज्याचं रक्षण करायला निघालेल्या मुली तहान दाबून पळत होत्या आणि त्याला आम्ही जिद्द म्हणत होतो.

मुलांचं तर काय सांगावं! नुसत्या बनियनवर पळायचं आणि मग बनियनच्या पट्ट्याची रेघ एकमेकांना दाखवायची. ज्याची रेघ ठळक, तो मर्द. त्यात भूषण नावाचा एक होता, येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या घरातला. रेशमाला ऊन दाखवायचं नाही, हे त्याच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. पण स्वतःच्या टाळूला ऊन लागतं हे त्याला पटत नव्हतं. नाकाची साल निघाली होती, मान भाजून शिवण उसवल्यासारखी दिसत होती, आणि हा दिपूला चिडवायचा. तिच्या कोटावरून आणि स्कार्फवरून त्याने तिचं नाव पार्सल ठेवलं होतं. ती गेटमधून आली की ओरडायचा, "आलं रे पार्सल! नीट उतरवा, आत काच आहे!"

"तुझ्या नाकाची साल पडलीय ती उचल आधी," दिपू म्हणायची.

एकदा मी तिला घ्यायला गेले तर झाडामागे हा भूषण तिच्यापुढे तळहात पसरून उभा. "ते उन्हाचं क्रीम आहे ना तुझ्याकडं, थोडं दे ना. लय आग होते गं. पण कुणाला सांगू नको."

"का? सांगितलं तर काय होईल?"

"पोरं जगू देणार नाय मला."

तिने ट्यूब पिळली. त्याने पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून नाकाला क्रीम चोळलं, चोरून विडी ओढावी तसं. मग पुन्हा मैदानात गेला आणि मोठ्याने म्हणाला, "पार्सलवाली बाई चुना फासते रे तोंडाला!" दिपू माझ्याकडे बघून डोळा मिचकावून हसली. तिचं मन इतकं मोठं होतं. माझं नाही. मला अजूनही त्या पोराच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते.

मुळात दिपू त्या कोटात पळत नव्हती, हे मी सांगितलं पाहिजे. सुरुवातीला ती घरातून सगळं बांधून निघायची आणि ग्राउंडवर पोचली की भिंतीआड कोट काढून दगडाखाली ठेवायची. डोक्यावर पांढरी टोपी, अर्ध्या बाह्यांचा सैल टी-शर्ट, आणि पळायची. काय पळायची! टाचा जमिनीला लागतच नसत. मी कडुलिंबाखाली बसून बघायचे. तिच्या पायांखालून उडालेली माती हवेत राहायची आणि ती पुढे गेलेली असायची. वेळ रोज थोडी थोडी उतरत होती. सर म्हणायचे, "ही पोरगी निघणार." दिपू ते वाक्य घरी येऊन आईला सांगायची, मला सांगायची, रात्री उशीला सांगायची.

मग आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात. दिपू गावी निघाली, मीही बरोबर गेले. सटाण्यापुढे एसटीच्या खिडकीतून येणारी हवा चुलीपुढे बसल्यासारखी लागत होती. मामाच्या बागेत पोचलो आणि मी बघतच राहिले. साऱ्या बागेवर साड्या टाकल्या होत्या. जुन्या, विटक्या, लाल, पोपटी, जांभळ्या, ठिपक्यांच्या, काठ उसवलेल्या. गावोगावच्या बायकांनी नेसून टाकून दिलेल्या साड्या आता डाळिंबाच्या झाडांनी नेसल्या होत्या. लांबून बघितलं की वाटे, शेकडो बायका उन्हात वाकून उभ्या आहेत आणि कुणी त्यांना सरळ व्हा म्हणत नाही.

कारण सोपं आहे. उन्हाने डाळिंबावर काळा डाग पडतो. डाग पडलेल्या फळाला व्यापारी हात लावत नाही. आतले दाणे कितीही गोड असोत, तो फोडून बघतच नाही.

एक गडी साडीची दुहेरी घडी झाडावर टाकत होता. मामा बांधावरून ओरडला, "दुहेरी नको टाकू रे! फळ उकडी जाई! वारा लागाले पाहिजे त्याले!" मग माझ्याकडे वळून समजावून सांगितलं. कापड विरळ हवं, एकेरी हवं. ऊन अडलं पाहिजे पण हवा खेळली पाहिजे. जाड कापडाखाली फळ वरून छान दिसतं आणि आतून खराब होतं.

मी मान हलवली. मला शेतीतलं काय कळतं!

त्याच संध्याकाळी मामीने दिपूला जवळ बसवलं, तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाचा पट्टा सोडवला. पट्ट्याखालची कातडी फिकी होती, बाजूची सावळी. मामीने दोन्हीकडे बोट फिरवलं. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाली, "कोट काढून पळतेस तू."

दिपूने हात सोडवून पट्टा पुन्हा बांधला.

"सिन्नरचं स्थळ आलंय. पोरगा कंपनीत हाय. त्यांनी पहिलं काय इचारलं, ठाव हाय? रंग. आन् तू ह्यो असा हात घेऊन त्यांच्यापुढं बसणार?"

"आई, माझं ग्राउंड जवळ आलंय. एवढं होऊ दे."

"होऊ दे की. मी कुठं नको म्हणते? पण झाकून."

मामीने सनकोट खिडकीच्या उजेडापुढे धरला. कापडातून पलीकडचा गोठा दिसत होता. "एवढा इरळ कोट! ऊन थेट आत जातंय." आणि ती शिवणाच्या मशीनवर बसली. जुन्या चादरीचं अस्तर कापलं आणि कोटाला आतून दुसरा थर लावला. बाहेर मामा गड्याला सांगत होता, दुहेरी नको. आत मामी दुहेरी शिवत होती. एकच घर, एकच संध्याकाळ. दोघंही आपापल्या परीने माल जपत होते. फळाला वारा लागतो हे त्या घराला माहीत होतं. पोरीला वारा लागतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नाशिकला परत आल्यावर दिपूने कोट दगडाखाली ठेवणं बंद केलं. मी तिच्याशी भांडले. "मूर्ख आहेस का? काढ तो. मामी काय इथे बघायला येते?"

"घड्याळ सांगतं तिला," ती म्हणाली. "हा कोट म्हणजे माझं तिकीट आहे गं. घातला तर पळू देतील. वर्दी मिळाली की पहिल्यांदा हा जाळणार."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत पार्सल."

ती ट्रॅकसूटवर तो दोन थरांचा कोट, डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ, हातात मोजे घालून पळायला लागली. वेळ चढायला लागली. तिला वाटलं, आपण कमी पडतोय. म्हणून ती जास्त पळायला लागली. घरी आली की स्कार्फ पिळायची आणि मोरीत घामाची धार पडायची. चेहरा मात्र कसा गोरापान, ओलसर, सोललेल्या बटाट्यासारखा. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "उजळलीस गं दिपू, काय लावतेस?" दिपू सांगायची, "चादर, काकू." काकूंना कळायचं नाही.

ती दुपार मी सविस्तर सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

सरांनी सगळ्यांची ट्रायल ठेवली होती, खऱ्या भरतीसारखी. मी तिला घ्यायला गेटपाशी पोचले तेव्हा मुलींचा शेवटचा फेरा चालू होता. दिपू सगळ्यांच्या मागे होती. ती कधीच मागे नसायची. वळणावर ती वळलीच नाही. रेघ सोडून सरळ निघाली, माझ्याकडे नाही, गेटकडे नाही, कुठेच नाही, मोकळ्या मातीवर तिरकी. पाय एकमेकांत अडकत होते. ती काहीतरी बोलत होती, बडबडल्यासारखं, स्कार्फमधून शब्द कळत नव्हते.

आणि मुलं हसली.

"पार्सल चुकीच्या पत्त्यावर चाललं रे!" भूषण ओरडला, आणि पुन्हा हसू फुटलं. सरही हसले. तिचं तोंड झाकलेलं होतं, त्यामुळे त्या तोंडाचं काय झालंय ते एकालाही दिसलं नाही. आम्ही मुलींना इतकं नीट झाकलं आहे की त्या मरायला लागल्या तरी आम्हाला ते खेळ वाटतं.

ती पडली. गुडघ्यावर नाही, सरळ तोंडावर.

मी पळत पोचले तोवर तिच्याभोवती कोंडाळं झालं होतं, पण लांबून. सगळे हातभर अंतर ठेवून उभे. सर म्हणत होते, "मुलींना बोलवा, मुलींना बोलवा." मुली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. कुणीतरी बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतलं होतं, स्कार्फच्या वरूनच. ओला स्कार्फ नाकाला चिकटून आत-बाहेर होत होता. एकानेही तो सोडला नव्हता. कोटाच्या एका बटणालाही कुणी हात लावला नव्हता. रोज तिच्या कपड्यांवरून विनोद करणारी पोरं तिचे कपडे सैल करायला लाजत होती.

"काढा ना हे!" मी किंचाळले.

"ताई, लेडीज आहे," एक जण म्हणाला. "कसं काढणार?"

मी स्कार्फ ओढला. मानेवर हात ठेवला तर तव्यावर ठेवल्यासारखा भासला. घाम नव्हता. कातडी कोरडी होती. तिचे डोळे उघडे होते पण त्यांत मी नव्हते. कोटाची बटणं निघेनात. मामीची शिलाई पक्की होती. मी दातांनी धागा तोडला आणि कोट मधोमध फाडला. अस्तरावर चादरीची निळी फुलं होती.

मग भूषण खाली बसला. त्याने कमरेला बांधलेला स्वतःचा टी-शर्ट सोडला, भिजवला, तिच्या मानेवर, काखेत धरला, पुन्हा भिजवला. रडत होता. "मला वाटलं मस्ती करतीये," तो सारखं म्हणत होता, "मला वाटलं मस्ती करतीये." आम्ही तिला उचलून कडुलिंबाच्या सावलीत नेलं. सरांनी खुर्ची बाजूला सरकवली. तेवढं त्यांनी केलं.

दवाखान्यात ती बरेच दिवस होती. आधी शुद्ध आली, मग लघवी होईना, मग लघवी झाली तर सगळ्यांनी देवाला हात जोडले. शब्द हळूहळू परत आले. डॉक्टर म्हणाले, वाचली हे नशीब. म्हणाले, शरीराने एकदा असा मार खाल्ला की उन्हाशी पुन्हा पैज लावू नका. पळणं आता विसरा, निदान बराच काळ. दिपू छताकडे बघत होती. तिच्या भरतीच्या ग्राउंडची तारीख ती पलंगावर असतानाच आली आणि गेली. त्या दिवशी पंखा फिरत होता आणि ती पात्यांकडे बघत बोटांनी चादरीवर काहीतरी मोजत होती. फेरे असावेत.

मामी पलंगाशेजारी बसून असायची. एका दुपारी मामीची बहीण भेटायला आली. सफरचंदं ठेवली, डोळे पुसले, दिपूच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पण काय म्हण, रंग टिकलाय हो पोरीचा."

मामीने दिपूचं मनगट उचललं. घड्याळ दवाखान्यातल्यांनी कधीच काढून ठेवलं होतं. पट्ट्याच्या जागी तिने बोट फिरवलं. आत-बाहेर एकच रंग होता. "झाकलं होतं ना मी नीट," मामी म्हणाली.

ती वाईट बाई नाही. हे मला लिहावं लागतं, कारण तुम्ही आता तिला वाईट ठरवून मोकळे व्हाल. ती तुमच्यासारखीच आहे. तुमच्या एका वाक्याला तिने अस्तर लावलं, एवढंच.

मामा बाहेर बाकावर बसलेला. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "मामा, डाळिंबावर दुहेरी साडी का टाकत नाही तुम्ही?"

तो सवयीनेच बोलून गेला, "उकडतं ना गं फळ..."

आणि थांबला. मी उठून गेले. त्याच्या तोंडाकडे बघायची माझी इच्छा नव्हती. क्रूरपणा होता तो. मला त्याची लाज वाटत नाही.

पुढच्या लग्नसराईत दिपूचं लग्न झालं. सिन्नरचंच स्थळ. फोटोत ती फार सुंदर दिसते. मांडवात प्रत्येक बाई तिच्या रंगाबद्दल बोलली. तिच्या धावण्याबद्दल एकही जण बोलला नाही, कारण आता ती धावतच नव्हती. भूषण भरती झाला. चौकात उभा असतो. मला बघितलं की मान खाली घालतो, मीही गाडी थांबवत नाही. एकदा मात्र बघितलं, एका गुंडाळलेल्या मुलीची स्कूटी सिग्नलला डगमगली तर हा चौकातली जागा सोडून धावला. तिची फक्त चप्पल अडकली होती. ती त्याच्यावर खेकसली. तो तिच्या डोळ्यांत बघत विचारत होता, "ताई, तोंड दाखवा, बरं वाटतंय ना? तोंड दाखवा." लोक हसत होते.

ते ग्राउंड तसंच आहे. दुपारचा राउंड चालू आहे. संडास अजून नाही. आईने आणि मी पत्रक छापून तिथे वाटलं. सर म्हणाले, "छान लिहिता." पोरांनी त्यात शेंगदाणे घेतले.

आणि मागच्या आठवड्यात दिपू आली. भर दुपारी, सिन्नरहून एसटीने. सासूला औषध आणायचं होतं. डोक्यावर छत्री, अंगावर सैल, पातळ सुती कुर्ता, तोंड उघडं. कठडा धरून धरून जिना चढत होती, प्रत्येक वळणावर थांबत. एकेकाळी ती हा जिना एका दमात वर यायची आणि वरून मला हसायची. मी दार उघडून उभी होते. मधल्या मजल्यावर शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनी कठड्याला टेकलेल्या त्या पोरीकडे बघितलं, तिच्या फुललेल्या श्वासाकडे नाही, तोंडाकडे.

"दिपू ना गं तू? अगंबाई, लग्नानंतर किती काळी पडलीस!"

दिपूने श्वास गोळा केला. "हो काकू," ती म्हणाली. "घरात पाणी आहे का?"

काकू गडबडल्या. आत पळाल्या. तांब्या घेऊन आल्या, त्यातलं अर्धं पाणी घाईत त्यांच्याच साडीवर सांडलं. दिपू तिथेच पायरीवर बसून प्यायली, घोटाघोटाने, डोळे मिटून. काकू तिच्यासमोर ओला पदर पिळत उभ्या होत्या.

म्हणून एवढंच मागते. आज, उद्या, या उन्हाळ्यात केव्हाही, मुलगी असो, मुलगा असो, कुणीतरी तापून तुमच्या दारात येईल. तोंडावर काही बांधलेलं असेल तर ते सोडायला सांगा. आत घ्या, पंख्याखाली बसवा. ते एक वाक्य तुमच्या जिभेवर येईल, ते गिळून टाका. आधी पाणी द्या. पिऊन होईपर्यंत तांब्याकडे बघा.